केदारकंठासाठी कपडे निवडताना: माझा अनुभव

डिसेंबरात खिरेश्वरहून टोलारखिंडीमार्गे आम्ही हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. अंगात सुती टीशर्ट, खाली जीन्स, सॅकमध्ये जाड स्वेटर. खिंडीवरचा कातळ चढताना टीशर्ट घामाने असा भिजला की पिळला असता तर पाणी निघालं असतं. संध्याकाळी कोकणकड्यावर वारा सुटला आणि माझे दात वाजायला लागले. त्या ओल्या टीशर्टवरच स्वेटर चढवला, त्याचा काय उपयोग होणार! सूत पाणी धरून ठेवतं आणि वाळायला फार वेळ घेतं. ती रात्र मी जागून काढली.

म्हणून पुढच्या वर्षी उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचा बर्फातला ट्रेक ठरला, तेव्हा थंडीच्या आधी घामाचा विचार केला. माथा १२,५०० फुटांवर, तर पायथ्याचं सांकरी साधारण ६,४०० फुटांवर. हजार मीटर वर गेलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे माथ्यावर सांकरीपेक्षा बाराएक अंश कमी. शिवाय वारा.

घरात काकांचं एक जाडजूड जॅकेट होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर १४०० ग्रॅम भरलं. घातलं की उकडणार, काढलं की गारठणार, मधलं काही नाहीच. त्याऐवजी तीन कपडे घेतले: पातळ फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा स्वेटरसारखा कपडा), आत ऊबेसाठी भरण असलेलं हलकं जॅकेट आणि विंडचीटर. तिन्ही मिळून ९०० ग्रॅमच्या आत. आतून घालायला चटकन वाळणारे पूर्ण बाह्यांचे दोन टीशर्ट.

दुकानात फ्लीस तोंडाशी धरून जोरात फुंकर मारली, तर पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली. म्हणजे घामाची वाफ बाहेर जाईल, पण वाराही आत येईल. विंडचीटरमधून मात्र फुंकर जात नव्हती. दोघांची जोडी मला तिथेच पटली. फ्लीसला गळ्याशी चेन असलेलं निवडलं. चढताना ती चार बोटं खाली ओढली तरी केवढा फरक पडतो!

जॅकेटवर मात्र आठवडाभर अडले. पिसांचं जॅकेट वजनाच्या मानाने सगळ्यात उबदार, पण पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. बर्फात बसणं-उठणं होणार, म्हणून मी कृत्रिम भरणाचं घेतलं, तेही एक माप मोठं. थांबल्यावर विंडचीटर न काढता वरून चढवता यायला हवं होतं.

"एवढंसं पातळ? गारठशील गं तिथे," आई जॅकेट चाचपत म्हणाली. तिच्या समाधानासाठी मेरिनो लोकरीचा एक थर्मल घेतला. महाग पडला, पण तो फक्त झोपताना घालायचा असं ठरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला. बेस कॅम्पच्या तंबूत कोरडा थर्मल अंगावर चढवताना आईची आठवण आली.

निघण्याआधी पहाटे दोनदा सिंहगड चढले. फ्लीस दहाव्या मिनिटाला काढावं लागलं. पुण्याच्या थंडीत ते चढाईला नकोच, पण कुठला कपडा सॅकमध्ये वर ठेवायचा हे तिथे समजलं.

शिखराच्या दिवशी पहाटे तीनला निघालो. सगळे होतं नव्हतं ते घालून उभे. मीही जॅकेट घातलं होतं. गाइड म्हणाला, "दीदी, जॅकेट अंदर रखो. थोडी ठंड लगने दो." टीशर्ट, फ्लीस, कानटोपी, हातमोजे एवढ्यावर चालायला लागले. पहिली दहा मिनिटं हुडहुडी भरली, मग अंग तापलं. झाडी संपून वारा लागला तसं विंडचीटर चढवलं. जॅकेट फक्त थांब्यावर, तेही अंग गार पडायच्या आत. आमच्यातला एक जण सगळे थर घालून निघाला होता. अर्ध्या वाटेत तो घामाने निथळत होता आणि थांबला की कुडकुडत होता. माझा सुका टीशर्ट त्याला दिला.

माथ्यावर पोचलो, समोर स्वर्गारोहिणी शिखरावर ऊन आलं. जॅकेट घालता घालता मी फ्लीसखाली हात घालून टीशर्टची पाठ चाचपली. जवळपास कोरडी होती.