पाचवे गाणे की सहावे

रविवार, रात्रीचे साडेबारा

नाशिकला गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढल्याचे सकाळीच कळले, त्यामुळे गंगेवर जाण्याचा बेत सोडून आम्ही तिघे मित्र गंगापूर रोडला एकाच्या घरी जमलो. त्याने जुना कॅसेट डेक नुकताच दुरुस्त करून आणला होता आणि माझ्या खिशात १९९१ सालापासून जपलेली साठ मिनिटांची कॅसेट होती. तिच्यावर डिपेश मोड या इंग्लिश बँडचा ‘व्हायोलेटर’ हा अल्बम आहे. मुंबईच्या मामेभावाने ती मला भरून दिली, तेव्हा आम्ही तिघेही कॉलेजात होतो. मूळ मुखपृष्ठावरचा काळ्या पार्श्वभूमीवरील लाल गुलाब आम्ही पुष्कळ वर्षांनी पाहिला. आमच्याकडे फक्त रेघांचा कागद आणि त्यावर निळ्या शाईने लिहिलेली नऊ गाण्यांची नावे होती. त्या नऊ गाण्यांपैकी सर्वोत्तम कोणते, हा वाद तेव्हा सुरू झाला आणि आजही दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत चालला. घरी आल्यावरही तो डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मार्च १९९० मध्ये आलेला हा अल्बम जेमतेम सत्तेचाळीस मिनिटांचा आहे. गाणी सगळी बँडमधल्या मार्टिन गोरची. ध्वनी घडवण्याचे काम मुख्यतः बँडमधलाच अ‍ॅलन वाइल्डर आणि निर्माता फ्लड यांचे. बहुतेक गाण्यांतला आवाज डेव्ह गानचा असला, तरी दोन गाणी गोर स्वतः गातो. ही विभागणी आम्हाला पहिल्यापासून ओळखीची वाटली, कारण भावगीतांवर वाढलेल्या माणसाला कवी कोण, चाल कोणाची, गायले कोणी आणि संयोजन कोणाचे, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. फरक इतकाच की भावगीतात संयोजकाचे नाव सर्वांत शेवटी घेतले जाते आणि सिंथेसायझरच्या संगीतात त्याच्यावाचून गाणे उभेच राहत नाही. आमच्या वादाचे मूळ इथेच आहे, असे मला आज प्रथमच स्पष्ट दिसले.

बँकेतल्या मित्राचे मत पूर्वी ‘पर्सनल जीझस’च्या बाजूचे होते. त्या गाण्यातला दणदणीत ठेका वाद्यांच्या पेट्यांवर पाय आपटून ध्वनिमुद्रित केलेला आहे, हे तो नव्या माणसाला आवर्जून सांगत असे. अलीकडे मात्र तो पहिल्या गाण्याकडे, ‘वर्ल्ड इन माय आइज’कडे वळला आहे आणि त्याचे कारण संगीताच्या बाहेरचे आहे. बँडचा संस्थापक सदस्य अँडी फ्लेचर मे २०२२ मध्ये गेला. हे त्याचे सर्वांत आवडते गाणे होते आणि २०२३ च्या दौऱ्यात बँडमध्ये राहिलेल्या गोर आणि गान या दोघांनी ते त्याच्या स्मरणार्थ गायले. मित्र म्हणाला, “आता हे गाणं लागलं की मला त्यात एक रिकामी खुर्ची दिसते.” यावर आम्ही दोघांनी वाद घातला नाही. तसा तो घालताही येत नाही.

खरी लढत सातपूरला यंत्रांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या मित्रात आणि माझ्यात असते. घर त्याचेच. त्याचे गाणे सहावे, ‘एन्जॉय द सायलेन्स’. माझे पाचवे, ‘वेटिंग फॉर द नाइट’. त्याची बाजू भक्कम आहे. त्याचे गाणे इंग्लंडमध्ये सहाव्या क्रमांकावर आणि अमेरिकेत आठव्या क्रमांकावर पोहोचले, पण तो लोकप्रियतेचा दाखला देत नाही. तो गाण्याच्या जन्माची कथा सांगतो. गोरने हे गाणे प्रथम केवळ हार्मोनियम आणि आवाज एवढ्यावर, संथ लयीत, जवळजवळ प्रार्थनेसारखे मुद्रित केले होते. त्याला ठेका द्यावा, वेग वाढवावा, ही कल्पना वाइल्डरची. शांततेविषयीचे गाणे नाचाच्या लयीत नेणे गोरला आधी मुळीच पटले नव्हते. शेवटी तो तयार झाला, त्याने गिटारचे ते छोटेसे वळण वाजवले आणि जगाला ठाऊक असलेले गाणे तयार झाले. मित्राचे म्हणणे असे की जे गाणे संथ प्रार्थना म्हणूनही जगते आणि नाचाच्या ठेक्यावरही जगते, त्याहून बळकट गाणे असूच शकत नाही. तीस वर्षे यंत्रे सुटी करून पुन्हा जोडलेला माणूस असेच बोलणार, आणि ते ऐकताना मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आज त्याने हा मुद्दा सिद्धच करून दाखवला. त्याच्या आई भजनी मंडळात पेटी वाजवतात. काकूंचे वय ऐंशीच्या पुढे, पण बोटे अजून सुरांवर अचूक पडतात. मी पांढरी एकला षड्ज धरून गाण्यातले स्वरसमूह त्यांना लिहून दिले: पहिल्यात षड्ज, कोमल गंधार आणि पंचम, दुसऱ्यात कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि कोमल निषाद, तिसऱ्यात कोमल धैवत, षड्ज आणि पुन्हा कोमल गंधार. काकूंनी भाता हळूहळू ओढत ते संथ वाजवले आणि दुसऱ्या समूहापाशी थांबल्या. “पंचम सोडून हा तीव्र मध्यम मधेच कुठून आला रे? येऊ नये तिथं आलाय, पण लागतो चांगला,” असे म्हणून त्यांनी तेवढीच जागा आणखी तीन वेळा वाजवली. पहिल्या समूहातला कोमल गंधार दुसऱ्यातही आहे आणि तिसऱ्यातही. तो जागचा हलत नाही, भोवतालचे स्वर मात्र सरकतात. गाण्यात काहीतरी हातातून निसटते आहे असे आम्हाला इतकी वर्षे का वाटत होते, त्याचे उत्तर काकूंच्या बोटांखाली होते. बाहेर पाऊस, आत पेटी. इंग्लंडमधल्या बेसिल्डन गावच्या या बँडचे ते गाणे त्या खोलीत जराही परके वाटले नाही. मित्र काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिला.

मग त्यांनी माझे गाणे मागितले. मी कॅसेट लावली, त्यांनी डोळे मिटून पूर्ण सहा मिनिटे ऐकले, मग पेटीवर एक-दोन जागा चाचपल्या आणि भाता बंद केला. “याला पेटी नको. याला तंबोरा हवा,” एवढेच त्या म्हणाल्या.

मित्राच्या मते निकाल लागला होता. पेटीवर उतरत नाही ते गाणे कच्चे. मला मात्र काकूंच्या त्याच वाक्यात माझी संपूर्ण बाजू मिळाली. ‘वेटिंग फॉर द नाइट’मध्ये खाली सतत खळखळणारी जी स्वरांची माळ आहे, ती आर्प या कंपनीच्या जुन्या सिंथेसायझरवर आणि त्याच्या सीक्वेन्सरवर, म्हणजे ठरवून दिलेले स्वर आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रावर, तयार केलेली आहे. त्यात प्रत्येक स्वर सरकपट्टी हलवून कानाने जुळवावा लागत असे, आणि जुळवलेला स्वरही दर आवर्तनात केसभर इकडेतिकडे होई. माळ तीच, पण दोन फेऱ्या कधीही तंतोतंत सारख्या नाहीत. वाइल्डरने त्या यंत्राची मोहिनी याच किंचित अस्थिरतेत आहे असे सांगितले आहे. तंबोऱ्याच्या चार तारा तासभर त्याच क्रमाने छेडल्या, तरी जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या गुंजनामुळे, नाद क्षणोक्षणी बदलत राहतो, आणि म्हणूनच तो ऐकताना कंटाळा येत नाही. तंबोऱ्याचा नाद पेटीवर वाजवून दाखव असे आपण कोणाला म्हणत नाही. या गाण्यातून ती माळ काढून घेतली तर उरणारी चाल अगदी साधी आहे. गान आणि गोर ती बरोबर गातात, दोघेही आवाज न चढवता, रात्र होण्याची वाट पाहणाऱ्या माणसाच्या संयमाने. चाल आणि ध्वनी इथे वेगळे करता येत नाहीत. सिंथेसायझरच्या संगीताकडून मी याहून अधिक काही मागत नाही, आणि त्या संगीताच्या अल्बममधले सर्वोत्तम गाणे ठरवताना हीच कसोटी लावली पाहिजे, असे मी आज आवाज चढवून म्हणालो. तेवढा चढवायला नको होता, कारण काकू अजून तिथेच बसल्या होत्या.

‘हेलो’ आणि ‘पॉलिसी ऑफ ट्रुथ’ यांच्याविषयी आज फारसे बोलणे झाले नाही.

संध्याकाळी मित्राची मुलगी क्लासहून आली. तिने हा अल्बम फोनवर ऐकलेला आहे. मी पाचवे गाणे तिच्यासाठी पुन्हा लावले, ते संपले आणि डेकमधून नुसती खरखर येऊ लागली. ती म्हणाली, “काका, बंद पडलं का? पुढचं लगेच लागतं ना?” तिच्या फोनवर पाचव्यानंतर लागलीच सहावे लागते. आमच्या कॅसेटच्या एका बाजूवर तीस मिनिटे आहेत आणि अल्बमची पहिली पाच गाणी पंचवीस मिनिटांच्या आत संपतात, त्यामुळे ‘वेटिंग फॉर द नाइट’नंतर पाच मिनिटे कोरी फीत उरते. त्यानंतर उठून कॅसेट उलटी करायची, तेव्हा ‘एन्जॉय द सायलेन्स’ सुरू होते. मूळ तबकडीवरही ही दोन गाणी अशीच पाठीला पाठ लावून आहेत, एक पहिल्या बाजूच्या शेवटी आणि दुसरे दुसऱ्या बाजूच्या आरंभी, पण पाच मिनिटांची ती पोकळी फक्त आमच्या कॅसेटची. कॉलेजात असताना मी ती पुढे पळवत नसे. वसतिगृहाच्या खोलीत दिवा मालवून पडलेलो असताना गाणे संपले तरी त्याची माळ कानात फिरत राही आणि खरखर हळूहळू तिची जागा घेई. माझ्या मतात या पाच मिनिटांचा वाटा किती आणि गाण्याचा किती, हे मुलीने विचारले नाही, पण तिच्या प्रश्नानंतर मीच स्वतःला विचारतो आहे. वाटा मोठा आहे. मित्राकडे हीच कॅसेट महिनोन् महिने असे, पण तो ती कायम दुसऱ्या बाजूने सुरू करी.

हे त्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तू ते गाणं त्या शांततेसकट मोजतोस.” मी हो म्हटले. “मग नाव तर माझ्या गाण्याचं घेतोयस,” तो म्हणाला. मला उत्तर सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही.

निघताना त्याने डेक माझ्या हवाली केला. पुढच्या रविवारी परत न्यायचा आहे, आणि काकूंनी तंबोरा असलेल्या त्यांच्या एका मैत्रिणीला बोलवायचे कबूल केले आहे. पहिली बाजू आता संपली. कोरी फीत चालू आहे आणि पाऊस खरखरीहून मोठा असल्यामुळे ती कधी थांबली ते मला कळणार नाही.