बेगमीची कोठी आणि गच्चीवरचे अळू

2022 सालच्या जुलै महिन्यात मुंबईत 14.2 किलोचा घरगुती गॅस सिलिंडर 1,052 रुपयांवर गेला आणि पुण्यातही त्याने हजाराचा आकडा ओलांडला. त्या महिन्यात आमच्या जमाखर्चाच्या वहीत मी सिलिंडरच्या रकमेखाली दोन रेघा ओढल्या आणि शेजारी लिहून ठेवले, ‘काहीतरी करायला हवे.’ पुढे किंमत उतरली, 2024 च्या मार्चमध्ये मुंबईत ती 802 रुपयांवर आली आणि 2025 च्या एप्रिलमध्ये पुन्हा 50 रुपयांनी चढली. पण तोवर आम्ही ते ‘काहीतरी’ करण्यात इतके गुंतलो होतो की गॅसचा दर हे केवळ निमित्त उरले होते. पुण्याच्या एका टोकाला आमचे लहानसे बैठे घर आहे, वर सुमारे 600 चौरस फुटांची गच्ची आहे आणि घरात आम्ही दोघे, सासूबाई व शाळकरी मुलगी अशी चार माणसे आहोत. या घराने एवढ्या काळात स्वतःच्या गरजांपैकी काय काय स्वतः भागवले आणि त्यातून खरोखर किती पैसे राहिले, याचा हिशेब मी येथे मांडत आहे.

वही चाळताना प्रथम ध्यानात आले ते असे, की घराच्या कर्जाचा हप्ता, शाळेची फी, सासूबाईंची औषधे, विमा आणि पेट्रोल या पाच रकमांनीच महिन्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश खर्च व्यापला होता. यांपैकी काहीही गच्चीवर पिकत नाही. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात धान्य, भाजी, दूध, गॅस, वीज आणि पाणी येते, आणि आम्ही कितीही घाम गाळला तरी आमचा हात तेवढ्याच हिश्श्यापर्यंत पोचणार होता. विनोबांनी 1950 मध्ये पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला, पैशाचा आधार सोडून स्वतःच्या श्रमावर जगण्याचे ठरवले, आणि त्या प्रयोगाविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु आश्रमाला गृहकर्जाचा हप्ता नव्हता, हेही मी विसरू शकत नाही. आमच्यासारख्यांनी ‘स्वयंपूर्ण’ या शब्दाआधी ‘अंशतः’ हा शब्द लावला नाही, तर पहिल्या सहा महिन्यांतच निराशा पदरी पडते.

सुरुवात आम्ही सर्वांत जुन्या उपायाने केली, तो म्हणजे वर्षाची बेगमी. सासूबाईंच्या माहेरी धान्य दर आठवड्याला दुकानातून आणण्याची पद्धतच नव्हती. मळणी झाली, की गहू-ज्वारी वर्षभरासाठी भरली जाई. आम्ही तीच पद्धत चार ओळखीच्या कुटुंबांना सोबत घेऊन पुन्हा धरली. मावळातला इंद्रायणी तांदूळ सुगी झाल्यावर, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी त्यानंतर आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये, असा क्रम ठरला. आमच्या चौघांना वर्षाला सुमारे 120 किलो गहू, 50 किलो ज्वारी, 60 किलो तांदूळ आणि 20 किलो तूरडाळ पुरते, आणि त्याला एकरकमी 13,000 रुपयांच्या आसपास लागतात. दुकानाच्या दराशी तुलना केली तर वर्षाकाठी साडेतीन हजार रुपये वाचतात, म्हणजे महिन्याला तीनशेही नाहीत. तरीही हा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण गव्हाचा वा डाळीचा भाव मध्येच चढला तरी आमच्या घरात त्याची बातमी बातमीच राहते.

यातही पहिल्या वर्षी आम्ही चांगलेच फसलो. गहू आला त्याच आठवड्यात मुलीच्या परीक्षा होत्या, म्हणून त्याला दोनच दिवस ऊन दाखवून घाईने कोठ्या भरल्या. दाणा दाताखाली धरला असता कट्‌कन फुटला पाहिजे, तो चेपला जात असेल तर अजून ओल आहे, हे सासूबाईंनी सांगितले होते. मी ऐकले आणि तरीही भरले. ऑगस्टमध्ये एका कोठीचे झाकण उघडले तेव्हा 40 किलो गव्हाला सोंडे लागलेले होते. पुढचे दोन रविवार चाळणे, पाखडणे आणि पावसाळ्यात मिळेल त्या उन्हाची वाट पाहणे यात गेले. आता गव्हाला चार कडक उन्हे देऊन, दाणा थंड झाल्यावरच, कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्यासह तो पत्र्याच्या कोठीत जातो आणि तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात चोळला जातो.

बेगमीत मला एक गोष्ट बोचत असे. ज्याच्या हाती मार्चमध्ये 13,000 रुपये मोकळे आहेत त्यालाच धान्य स्वस्त मिळते आणि जो रोजच्या कमाईवर दोन-दोन किलो आणतो तो तेच धान्य महाग खातो. म्हणून आम्ही धान्याची भिशी सुरू केली. प्रत्येक कुटुंब दरमहा 1,100 रुपये घालते आणि ते पैसे ज्या त्या पिकाच्या खरेदीला वापरले जातात, त्यामुळे कोणालाही एकदम मोठी रक्कम काढावी लागत नाही. हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे आणि तूर कोणाची जास्त फुटकी निघाली यावरून होणारी भांडणे मिटवण्याचे कामही माझ्याचकडे आले आहे.

गच्चीची कथा अधिक देखणी आहे, पण पैशाच्या बाबतीत अधिक दुबळी. गच्चीवर बाग करायची तर पहिला प्रश्न मातीचा नसून वजनाचा असतो. माणसांचा वावर असलेली गच्ची भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला साधारण 150 किलो जादा भार धरून आखली जाते आणि वीतभर ओली माती पसरली तर तेवढ्याच जागेवर 300 किलोंपेक्षा अधिक वजन पडते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे आणि पालापाचोळा वापरून जी हलकी पद्धत रूढ केली, तिच्या वळणाने आम्ही कोपऱ्यावरच्या रसवंतीगृहातून चिपाडे आणू लागलो. ती फुकट मिळतात, उलट रसवाल्याला त्यांची विल्हेवाट लागल्याचा आनंद होतो. तळाशी चिपाड, त्यावर सुका पाला, घरचे खत आणि वर चार बोटे माती, असे वाफे तुळयांच्या रेषेवर आणि कठड्यालगत मांडले. उन्हाळ्यात चिपाडांना मुंग्या लागतात, हे मात्र आधी कोणी सांगितले नव्हते.

श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटातून पाच जणांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन पुरेल, असा विचार महाराष्ट्रापुढे ठेवला. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. म्हणजे आमची अख्खी गच्ची, पाण्याची टाकी आणि कपड्यांच्या दोऱ्या धरूनही, जेमतेम अर्धा गुंठा. दहा गुंठ्यांच्या विसाव्या हिश्श्यात पोट भरत नाही, भाजीची चव तेवढी राखता येते. मेथी, शेपू, चवळई, अंबाडी, मुळा, कढीपत्ता, गवती चहा, ओली हळद आणि सांडपाण्याच्या नळीखाली वाढलेले अळू यांमुळे वर्षातले चार-पाच महिने पालेभाजी विकत आणावी लागत नाही, आणि वर्षाला चार हजार रुपये वाचतात. त्यातले हजारभर रुपये बियाणे, निंबोळी पेंड आणि फुटलेल्या कुंड्यांवर जातात.

2023 च्या पावसाळ्यात टोमॅटो बाजारात दीडशे रुपये किलोच्या घरात गेले, तेव्हा शेजारच्या काकूंनी मोठ्या आशेने विचारले, “तुमच्या गच्चीवर असतील ना गं टोमॅटो?” आमच्या नऊ झाडांवर मिळून सात टोमॅटो होते आणि पाने आकसून गेली होती. ज्या लहरी हवामानाने शेतातले पीक मारले होते, त्यानेच आमचेही मारले. बाजारात एखादी भाजी महागते तेव्हा बहुधा ती आपल्याही कुंडीत नसते, हा धडा कडू होता. पण त्याच दिवसांत अळू आणि मायाळूने गच्ची भरली होती. त्यानंतर आम्ही जे पावसाळ्यात आपसूक येते तेच पावसाळ्यात लावतो आणि श्रावणात घरी अळूचे फदफदे जरा जास्तच होते, अशी मुलीची तक्रार असते.

गॅसवर उपाय म्हणून बायोगॅसचाही प्रयोग केला. पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणारे लहान संयंत्र घडवले आणि त्या संस्थेला त्यासाठी 2006 मध्ये ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागची कल्पना सुबोध आहे: शेण हे गुराच्या पोटात एकदा पचून गेलेले असते, उलट पीठ, भात, शिळी पोळी यांत जिवाणूंसाठी भरपूर खाद्य शिल्लक असते. संयंत्राला दिवसाला दोन किलोंच्या आसपास असे खाद्य लागते. आमच्या घरात मात्र शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, उरलेल्या भाताला फोडणी बसते, आणि दिवसाअखेर उरतात ती भाजीची देठे व चहाचा चोथा. काटकसरी घराकडे संयंत्राला खाऊ घालण्याइतकी उधळपट्टीच नसते. काही दिवस समोरच्या खानावळीतून खरकटे आणले, थंडीत गॅस मंदावला, एकदा वास सुटला आणि शेजाऱ्यांचा संयम संपण्याआधी आम्ही ते एका वसतिगृहाला देऊन टाकले. तेथे ते उत्तम चालते.

पाण्याचे थोडक्यात सांगते. आमच्या छतावर पुण्याचा सरासरी 700 मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला सुमारे 39,000 लिटर पाणी पडते, आणि 2,000 लिटरची टाकी एका दमदार सरीतच भरून वाहू लागते. साठवण्याचा नाद सोडून ते पाणी गाळून कूपनलिकेत सोडले. त्याने एप्रिलमधले टँकर कमी झाले असे वाटते, पण शेजारच्या दोन घरांनीही त्याच काळात तेच केल्यामुळे श्रेय कोणाचे हे ठरवता येत नाही.

रुपयांत मोजायचे तर खरी बचत झाली ती छतावरच्या विजेने. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली. तीत 2 किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला 30,000 रुपये आणि 3 किलोवॉट किंवा अधिक क्षमतेला 78,000 रुपये अनुदान आहे. आम्ही 2 किलोवॉटची पॅनेल बसवली आणि 60,000 रुपये अनुदान वजा जाता आमचे सुमारे 70,000 रुपये लागले. महिन्याला सरासरी 240 युनिट वीज तयार होते, जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून बरीच कमी. महाराष्ट्रात घरगुती वापर 100 युनिटांच्या पुढे गेला की दर जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे ते वरचे महाग युनिट वाचणे हाच मुख्य लाभ आहे. वरण, भात आणि दूध इंडक्शनच्या शेगडीवर गेले, भाकरी मात्र गॅसवरच राहिली, आणि वर्षाला सात लागणारे सिलिंडर तीनवर आले. दोन्ही मिळून वर्षाला वीस हजारांच्या वर रक्कम उरते. बेगमी आणि बाग यांची एकत्र बेरीज या आकड्याच्या निम्मीही भरत नाही.

परंतु नेमकी हीच गोष्ट सर्वांत कमी ‘स्वयंपूर्ण’ आहे. आमच्याकडे बॅटरी नाही. दिवसाची जादा वीज तारेवर जाते, रात्री तारेवरून परत येते आणि नेट मीटर त्याची वजाबाकी करतो. तार मेली की आमची यंत्रणाही आपोआप बंद पडते, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आमच्या छतावरून झटका बसता कामा नये. दुपारी लख्ख उन्हात घरातले पंखे थांबतात आणि गल्लीतून कोणीतरी ओरडते, “अहो, तुमच्याकडे तर सोलर आहे ना?” याउलट जे खरोखर आमच्या हातचे आहे, म्हणजे गच्चीवरची मेथी, ती सर्वांत कमी पैसे वाचवते आणि सर्वांत जास्त वेळ खाते. पैसे उरले ते विजेच्या जाळ्याशी, मावळातल्या आणि मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांशी आणि भिशीतल्या घरांशी बांधून घेतल्याने. एकटीच्या बळावर उरले ते थोडेच.

वेळेविषयी बोलायचे तर दररोज सकाळी पाऊण तास गच्ची आणि वर्षातले आठ-दहा रविवार धान्य, एवढे श्रम जातात. ते कोणाच्या वाट्याला येतात हा प्रश्न या विषयावरच्या चर्चेत फारसा निघत नाही. पूर्वीची घरे अर्धी स्वयंपूर्ण होती, ती जात्यावर बसलेल्या, वाळवणे घालणाऱ्या आणि विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बायकांच्या जिवावर. मी एकदा कौतुकाने हे सगळे सांगू लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तू हौसेने करतेस गं. आम्हाला सुटका नव्हती.” तेव्हापासून आमच्या घरी पाणी घालणे ह्यांच्याकडे, खत मुलीकडे आणि पाखडणे ज्याला जमेल त्याच्याकडे असा नियम आहे, पाखडणे अजून सासूबाईंनाच जमते.

गावाकडे जमीन घेऊन का राहत नाही, असेही विचारले जाते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, आणि घेता आली तरी ह्यांची नोकरी, शाळा व दवाखाना शहरात असताना दर शनिवारी तेथवर जाण्याचे पेट्रोल त्या जमिनीच्या भाजीहून महाग पडेल.

वाढत गेलेल्या भिशीत यंदा अकरावे कुटुंब आले आहे. गल्लीच्या टोकाला एका खोलीत भाड्याने राहणारे ते जोडपे असून त्यांच्याकडे कोठी ठेवायला जागाच नाही. त्यांचा गहू आमच्या जिन्याखाली राहील आणि दर पंधरवड्याला ते डबा घेऊन येतील, असे ठरले आहे. जिन्याखालची सायकल आता गच्चीवर न्यावी लागेल; तिचे वजन मी अजून मोजलेले नाही.