आईची स्कूटर मावेल अशी गाडी

आज आईची घडीची बॅटरी स्कूटर (चालायला त्रास होतो त्यांनी बसून फिरायची छोटी गाडी) सोबत घेऊनच शोरूम पालथी घातली. मायलेज नंतर, आधी डिकी उघडा म्हटलं. वॅगन आरची डिकी 341 लिटरची, पण सीएनजीत सिलिंडरच ती जागा खातो. टियागो सीएनजीत दोन छोटे सिलिंडर तळाखाली, त्यामुळे वर बरीच जागा उरते. पण लिटरपेक्षा डिकीच्या काठाची उंची बघा! बॅटरी काढूनही स्कूटर जडच, आणि तिथवर उचलायची आम्हालाच. हँडल अडकत होतं. मागची अर्धी सीट पाडली तेव्हा कुठे आत गेली. एका ठिकाणी "आजींना कशाला बाहेर नेता?" असं ऐकवलं. फार लागलं. आईला सारसबागेत जायचंय, मंडईत भाजी स्वतः निवडायचीय. पेट्रोल वॅगन आर बुक केली.