निळ्यातले नऊ काळे

काकूंनी गोधडी माझ्या टेबलावर पसरली, एका चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा काळा आहे ना? खरं सांग."

काळाच होता. त्याच्या शेजारचा गडद निळा होता.

"आणि हा?"

तोही काळा. एकेक करत मोजले तर नऊ निघाले. सात चौकोनांच्या आठ ओळी, आणि चुकलेले सगळे पहिल्या चार ओळींत. त्या ओळी काकूंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी शिवल्या होत्या. बाकीच्या चार नंतरच्या.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. गडद निळा आणि काळा मग सारखेच दिसतात. हा बदल इतका सावकाश होतो की आपल्याला रंग वेगळे दिसताहेत हे माणसाच्या लक्षातही येत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग निघतं, जागी स्वच्छ भिंग बसतं आणि निळे रंग एकदम उजळतात. काकूंनी ऑपरेशननंतर चार ओळी शिवल्या, पण आधीच्या ओळी घडी घालून ठेवलेल्याच होत्या. दोन्ही भाग जोडून झाले, गोधडी पहिल्यांदा पूर्ण उलगडली, तेव्हा त्यांना हे दिसलं.

"हे नऊ काढ आणि निळे बसव," त्या म्हणाल्या. पिशवीतून निळं कापड काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. "माझ्या हाताने आता होत नाही. नातीसाठी आहे. तिला कळणारही नाही, पण मला माहीत असेल ना."

त्यांचा हात मांडीवर असला की शांत असतो. सुई उचलली की थरथरायला लागतो.

मी लोकांच्या अर्धवट राहिलेल्या गोधड्या पुऱ्या करून देते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका सत्तरीच्या पुढच्या. वरचा थर त्यांनी जोडलेला असतो, पण वरचा थर, भर आणि अस्तर एकावर एक अंथरून, जमिनीवर वाकून कच्चे टाके घालायचं काम गुडघ्यांना झेपत नाही. तीन थरांतून सुई ओढायला आखडलेल्या बोटांत जोर उरत नाही. माझ्या लांब मशीनवर कापड रुळांना ताणलेलं असतं आणि मशीन त्याच्यावरून फिरतं, त्यामुळे हे काम मला सोपं जातं. वेळ जातो तो मशीनवर चढवण्याआधी. शिवणी तपासायच्या, सुटलेल्या धरायच्या, कडा सरळ करायच्या.

कडांची तक्रार तर जवळजवळ प्रत्येक गोधडीत असते. लांब पट्टी घ्यायची, कडेला लावत जायचं आणि शेवटी उरेल ती कापायची, अशी सवय असते. लावताना कापड थोडं थोडं ताणलं जातं, उरेब म्हणजे तिरकं कापलेलं असेल तर फारच, आणि कड मधल्या भागापेक्षा लांब होऊन लाटांसारखी हलायला लागते. अशी पट्टी मी उसवते. गोधडीचं माप मधोमध घेते, पट्टी तेवढीच कापते आणि जास्तीचं कापड टाचण्यांनी सगळीकडे सारखं वाटून त्यात जिरवते. झोळ थोडाच असेल तर पट्टीला हातही लावत नाही, जरा फुगीर भर घेते. झोळ तिच्यात मुरतो.

जे उसवेल ते शिवायचं, जे नुसतं दिसतं ते सोडायचं, असा माझा नियम आहे. तो मी एकीला दुखावून शिकले. या कामात नवी होते तेव्हा एका आजींच्या गोधडीतले तिरके चौकोन मी न विचारता उसवून सरळ करून दिले. त्यांना आनंद होईल अशी माझी खात्री होती. त्यांनी गोधडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "छान झाली आहे. पण ही माझी नाही." त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

आपल्या कामात मुद्दाम एक चूक ठेवावी, कारण परिपूर्ण फक्त देव, अशी एक गोष्ट गोधड्यांबद्दल सांगतात. मला ती कधीच पटली नाही. मी पाहिलेल्या एकाही बाईने मुद्दाम चूक ठेवलेली नाही. प्रत्येकीने जीव ओतून सरळच शिवायचा प्रयत्न केलेला असतो.

काकूंची चूक नुसती दिसणारी होती. पण या वेळी मालकीणच ती काढ म्हणत होती, आणि मी हो म्हटलं.

त्या गेल्यावर गोधडी उलटी केली. शिवणीबाहेर पाव इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, हवी. पहिल्या चार ओळींत ती कुठे होती, कुठे जेमतेम दोन धागे. खुणेची रेघच त्यांना दिसत नसणार. एका काळ्या चौकोनाची एक बाजू मी बारीक कात्रीने उसवायला घेतली. चार इंचांना वीस मिनिटं लागली. टाके निघाले तशी काठाची झालर झाली, आणि ती काळ्याचीच नाही, शेजारच्या निळ्याचीही झाली. नऊ चौकोन काढायचे तर आजूबाजूचे वीस-पंचवीस बिघडणार होते.

तिथेच थांबले आणि दिवा जवळ ओढून नुसते टाके बघत बसले. पहिल्या ओळीत इंचाला नऊ टाके, पुढे सात, शेवटच्या ओळींत पाच. मध्येच एखाद्या ठिकाणी तीन-चार टाके एकावर एक. हात हलला असेल तिथे त्यांनी पुढे जायच्या आधी जागा पक्की केली होती. अशा जागा सगळ्या गोधडीत होत्या, आणि त्यातली एकही सुटली नव्हती.

मला चित्रकार मोने आठवला. त्याच्याही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि 1923 साली त्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा रंग दिसायला लागल्यावर त्याने आपली काही चित्रं नव्याने रंगवायला घेतली. काकू तेच मागत होत्या. फक्त त्याचा ब्रश त्याच्याच हातात होता.

मी त्यांना बोलावून घेतलं. या वेळी न विचारता काही करायचं नव्हतं. गोधडी भिंतीवर टांगली होती, त्यांची खुर्ची समोर लांब ठेवली. उसवून पुन्हा शिवलेली बाजू दाखवली, झालर दाखवली, काय बिघडेल ते सांगितलं. त्या उठून जवळ आल्या आणि डोळे मिटून शिवणीवरून बोट फिरवत गेल्या. मी पुन्हा शिवलेल्या चार इंचांवर बोट थांबलं.

"हा टाका तुझा."

ओळखू येऊ नये म्हणून मी मुद्दाम लहानमोठे टाके घातले होते. तरीही ते त्यांच्यासारखे झाले नव्हते.

मग त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ गोधडीकडे बघत राहिल्या. मीही बोलले नाही. शेवटी म्हणाल्या, "लांबून नऊ जण दिवा लावायला विसरल्यासारखे दिसतात."

मी दोऱ्यांची रिळं आणली. तीन थर एकत्र शिवताना दोरा सगळ्या गोधडीवरून फिरतो. काळ्यावरून आणि निळ्यावरून एकाच रंगाचा दोरा गेला की दोन्ही एकमेकांच्या जवळ येतात. रिळातला रंग फसवा असतो, म्हणून एकेक धागा काढून मी काळ्या आणि निळ्या चौकोनांवर मिळून आडवा ठेवत गेले. राखाडी ठेवला, नको म्हणाल्या. गडद निळा काळ्यावर दिसेनासा झाला. चौथ्या धाग्याला त्यांनी माझा हात धरला. इतका झगझगीत निळा मी स्वतः कधीच निवडला नसता.

"हा मला आधी दिसलाच नसता," त्या म्हणाल्या. "हाच घाल."

गोधडीचं मशीनवरचं काम दोन दिवसांत झालं. कडेला गोट लावला. वरून तो मशीनने शिवला, पण मागे दुमडून हाताने टाचायची एक बाजू मी मोकळी ठेवली. काकू आल्या तेव्हा दहा सुयांत दोरा ओवून त्या उशीत टोचून ठेवल्या होत्या, म्हणजे मध्ये ओवण्यासाठी थांबायला नको. कोपर टेकायला टेबलावर जाड उशी ठेवली. हात टेकलेला असला की त्यांची थरथर जरा कमी होते.

त्यांनी पहिली सुई घेतली. दोनदा कापडाच्या बाहेर गेली, तिसऱ्यांदा लागली. मी पुढे वाकले होते.

"दिवा जरा इकडे सरकव," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आणि माझ्या हाताकडे बघत बसू नकोस. तुझं काम कर."

मी दिवा सरकवला आणि त्यांच्याकडे पाठ करून मशीनशी जाऊन बसले.