लॉरेन्सचं गॅदरिंग

शाळेच्या गॅदरिंगला आमचे पीटीचे सर नाटकात काम करायचे. एरवी त्यांची शिट्टी ऐकली की पोटात गोळा यायचा. पण त्या रात्री स्टेजवर त्यांची चिकटवलेली मिशी एका बाजूने सुटायची, ती धरून ते संवाद म्हणायचे आणि अख्खी शाळा बाकांवर उभी राहून ओरडायची. तसला आनंद मला पुन्हा मिळाला तो २००६ च्या ऑक्टोबरात, तोही अमेरिकेतल्या लॉरेन्स या गावी, कॅन्सस विद्यापीठात.

एमएसला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. रूममेट म्हणाला, चल, बास्केटबॉल आहे, फुकट आहे. ‘फुकट’ ऐकून मी निघालो. ॲलन फील्डहाउस या स्टेडियमबाहेर ही रांग! आत सोळा हजार तीनशे माणसांची जागा आणि ती भरलेली. आणि मॅच? मॅच नव्हतीच. सीझनचा पहिला सराव, एवढंच निमित्त. त्याआधी सात-सात फुटी पोरं गाण्यावर नाचली, नाटुकल्या झाल्या, एकमेकांच्या नकला झाल्या. नाचता कुणालाच येत नव्हतं. सराव शेवटी, तोही थोडकाच, आपसात टीम पाडून. आमच्या कॉलेजचे फिशपॉन्ड असते तर त्यांच्यातल्या ठेंगण्या ‘गार्ड’ला, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूला, नक्की एखादा पडला असता.

याला ‘लेट नाइट इन द फॉग’ म्हणतात. पूर्वी नियम होता की १५ ऑक्टोबरच्या आत सराव सुरू करायचा नाही. १९८५ साली तेव्हाचे कोच लॅरी ब्राउन यांनी ती तारीख उजाडल्या क्षणी, म्हणजे मध्यरात्रीच, सराव लावला आणि लोकांना बघायला बोलावलं. मी गेलो तोवर सगळं संध्याकाळीच उरकायचं, पण नावातली रात्र राहिली होती.

आणि ‘फॉग’ म्हणजे धुकं नव्हे. तो माणूस आहे: फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन. बेसबॉलच्या मॅचला अंपायर असताना आवाज धुक्यातल्या भोंग्यासारखा घुमायचा, म्हणून हे नाव पडलं. त्यांनी इथे जवळपास चार दशकं कोचिंग केलं, १९५२ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. आत वर एक भलामोठा फलक लटकतो: आत येणाऱ्यांनो, फॉगपासून सांभाळून. मूळ फलक १९८८ मध्ये पोरांनी होस्टेलच्या बाथरूमचे पडदे जोडून रंगवला होता. हे ऐकलं तेव्हा मला ती जागा एकदम आपली वाटली. आमच्याही गॅदरिंगचा पडदा चादरींचाच असायचा.

हे सगळं मला सांगितलं शेजारी बसलेल्या आजोबांनी. १९५० च्या दशकात ते इथले विद्यार्थी होते. मी खिशातून चिवड्याची पुडी काढली आणि सवयीने पुढे केली. त्यांनी त्यातला कढीपत्ता बोटांनी निवडून, नीट रुमालात ठेवला. शेंगदाणे मात्र सोडले नाहीत. पुढच्या वर्षी लेट नाइटला भेटले तेव्हा आधी चिवडा मागितला, मग माझं नाव विचारलं.

त्यांच्या गोष्टी नेहमी जेम्स नेस्मिथपासून सुरू व्हायच्या. १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफिल्डला पीचच्या टोपल्या टांगून, तेरा नियम लिहून ज्यांनी हा खेळ काढला, तेच नेस्मिथ १८९८ मध्ये इथे आले आणि इथले पहिले कोच झाले. पहिलीच मॅच कॅन्सस सिटीच्या वायएमसीएशी, हरले १६-५. एकूण हिशेब: ५५ जिंकल्या, ६० हरल्या. विद्यापीठाच्या आजवरच्या कोचमध्ये जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले हे एकटेच. खेळ ज्याने शोधला, तोच! आजोबा हा आकडा असा सांगायचे, जसं आपल्याकडे घरातल्या कर्त्या माणसाचं मॅट्रिकला नापास होणं सांगतात.

पण त्यांची खरी गोष्ट १९५७ ची. त्या वर्षी पुढे मोठं नाव झालेला विल्ट चेंबरलेन इथे खेळत होता. राष्ट्रीय स्पर्धेची फायनल कॅन्सस सिटीत, म्हणजे चाळीस मैलांवर, जवळजवळ घरच्या अंगणात. समोर नॉर्थ कॅरोलायना. आजोबांना तिकीट मिळालं नाही, होस्टेलमध्ये दहाबारा जण एका रेडिओला चिकटले होते. बरोबरी झाली म्हणून एक ओव्हरटाइम, दुसरा, तिसरा. शेवटी ५४-५३, हरले. एका गुणाने. शेवटचा पास विल्टकडे निघाला होता, तो मध्येच उडवला गेला. सांगताना आजोबांचा उजवा हात दरवेळी वर जायचा, जणू तो पास अजून धरता येईल.

विल्टला ती बोच राहिली. आपण विद्यापीठाला खाली पाहायला लावलं असं त्याला वाटायचं. जर्सी निवृत्त करायच्या, म्हणजे ती मानाने वर टांगायच्या, सोहळ्याला तो आला थेट जानेवारी १९९८ मध्ये, विद्यार्थिदशेतलं जॅकेट घालून. आजोबा त्या दिवशी याच इमारतीत होते. टाळ्या थांबेनात म्हणाले.

माझ्या वाट्याला २००८ आलं. मेम्फिसविरुद्धची फायनल, दोन मिनिटं उरली असताना नऊ गुणांनी मागे. मग २.१ सेकंद राहिले असताना मारिओ चाल्मर्सचा तीन गुणांचा बास्केट, ६३-६३, आणि ओव्हरटाइममध्ये ७५-६८. त्या रात्री आख्खं लॉरेन्स मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर होतं. आमची गणपतीची मिरवणूक फक्त ढोलाविना. ‘रॉक चॉक, जेहॉक’ ही इथली घोषणा मॅच हातात आली की सगळे संथ, लांबवून म्हणतात, आरतीच्या शेवटच्या कडव्यासारखी. त्या रात्री मात्र कुणालाच तो ठेका धरता आला नाही.

मग मी पुण्याला परतलो. ५ एप्रिल २०२२, मंगळवार, सकाळी सातच्या सुमारास लॅपटॉप कणकेच्या परातीशेजारी. पुन्हा फायनल, पुन्हा नॉर्थ कॅरोलायना. हाफटाइमला २५-४०. बायको म्हणाली, डबा भर आणि निघ, हरलेत ते. मी ऑफिसला दांडी मारली. शेवटी ७२-६९, जिंकलो.

आजोबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, तरी पहिल्या रिंगला उचलला. नवीन मॅचबद्दल दोन वाक्यं बोलले. तिसऱ्या वाक्याला १९५७ चा तिसरा ओव्हरटाइम सुरू झाला.