चापडगावच्या काठावरील कंठेरी चिखल्या: उन्हाळी नोंदींचे तिसरे वर्ष

हिवाळ्यात चक्रवाक आणि थापट्या ही बदके पाहण्यासाठी चापडगावजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात हमखास जाणारे आपण बहुतेक नाशिककर मार्चनंतर तिकडे फिरकत नाही. माझी नोंदवही मात्र तेव्हाच उघडते, कारण गोदावरी-कादवा संगमावरील बंधाऱ्याचे पाणी ओसरले की जो गोट्यांचा आणि वाळूचा काठ मोकळा होतो, त्यावर कंठेरी चिखल्या (पाणकाठचा एक छोटा पक्षी) आणि टिटव्या अंडी घालतात. घरटे म्हणजे एक उथळ खळगा. त्यातली ठिपकेदार अंडी गोट्यांत इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत कळू नये.

गेल्या वर्षी माझ्याकडून मोठी चूक झाली. एक पंख जमिनीवर फरफटत पळणाऱ्या चिखल्यामागे मी कॅमेरा घेऊन दहा मिनिटे चालत राहिलो. अंड्यांपासून दूर नेण्यासाठी तो जखमी असल्याचे भासवत होता, हे मला उशिरा उमगले, आणि तेवढा वेळ चार अंडी एप्रिलच्या उन्हात उघडी होती. त्या उन्हात अंड्यांना ऊब नव्हे, सावली लागते. म्हणूनच टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर उभी राहते. त्या दिवसाची आठवण मला अजूनही छळते.

यंदा काठावर उतरायचे नाही, असे मी ठरवले. स्थानिक गाईडने दाखवलेल्या वाटेवरच स्पॉटिंग स्कोप (दूरचे पक्षी पाहायची दुर्बीण) लावून सकाळी सात ते साडेनऊ बसलो. पहिल्या जागी पक्षी अंड्यांवर येईनाच. मी तीस पावले मागे सरकलो, तेव्हा पाच मिनिटांत तो येऊन बसला. अंतर किती असावे, हे मीटरमध्ये सांगण्यापेक्षा पक्ष्याच्या परतण्यावरून ठरवणे मला अधिक योग्य वाटते. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने उबवतात, ती अदलाबदल या बैठकीत दोनदा नीट पाहता आली.

अंडी फुटायला साधारण २४ ते २५ दिवस लागतात. माझी खरी चिंता आवर्तनाची, म्हणजे शेतीसाठी ठरावीक वेळी सोडल्या जाणाऱ्या पाण्याची आहे, कारण वरच्या धरणांतून पाणी सुटले की फुगवटा याच उतारावर चढतो. घरट्याची नेमकी जागा आणि छायाचित्र मी मुद्दामच देत नाही. आपणही देऊ नये, ही विनंती. रविवारी, माझ्या नोंदीच्या अठराव्या दिवशी, पाणी घरट्यापासून अंदाजे चार पावलांवर होते आणि मादी अंड्यांवर बसलेली होती.