लाल आकड्यामागचा मजकूर

विकिपीडियावर गस्त घालायला, म्हणजे इतरांची संपादने तपासायला, नव्याने आलेल्या स्वयंसेवकांना शिकवताना मी नियमांपासून सुरुवात करत नाही. ‘अलीकडील बदल’ हे पान उघडून देतो आणि यातले काय आधी तपासाल, एवढेच विचारतो. त्या दिवशी गटातल्या जवळजवळ सर्वांनी एकच नोंद निवडली. खाते न उघडलेल्या कुणीतरी एका चरित्रलेखातला अख्खा परिच्छेद काढून टाकला होता, संपादन सारांश, म्हणजे बदल काय व का केला हे लिहायची छोटी चौकट, कोरा होता आणि मजकूर घटल्याचा लाल आकडा ठळकपणे दिसत होता. एक मुलगी हा सरळसरळ उत्पात आहे असे म्हणत तो बदल उलटवायला निघालीसुद्धा.

मी तिला काढलेला परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितले. दुसऱ्याच वाक्यावर ती थबकली, कारण त्यात एका हयात व्यक्तीवर अफरातफरीचा आरोप होता आणि त्याला एकही संदर्भ नव्हता. हयात व्यक्तींविषयीचा असा निराधार, वादग्रस्त मजकूर चर्चेची वाट न पाहता काढावा आणि तो परत आणू पाहणाऱ्याने पुरावा द्यावा, असे धोरण आहे. त्याला कारणही तसेच घडले होते: जॉन सिगेंथॅलर या अमेरिकी पत्रकाराचा केनेडी हत्येशी संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर २००५ मध्ये त्यांच्या चरित्रात चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला होता.

‘मग त्याने सारांशात तसे लिहायचे ना!’ एका मुलाची ही शंका रास्त होती. पण पहिल्यांदाच संपादन करणाऱ्याला ती चौकट कशासाठी असते हेच ठाऊक नसते. शिवाय तो त्या व्यक्तीचा नातलग असेल, किंवा ती व्यक्तीच असेल, तर संतापाच्या भरात रीतभात कोण पाळतो? नवशिक्यांच्या घाईचे मला नवल वाटत नाही. बदल एका टिचकीत उलटतो, वाचायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि आपल्याकडे कौतुक होते ते झटपट उलटवणाऱ्याचे.

मग आम्ही लेखाचा इतिहास चाळला. तो परिच्छेद घालणाऱ्या खात्याचे दुसरे एकही संपादन नव्हते. मुलीने आरोपाला विश्वासार्ह आधार मिळतो का ते शोधले, तो मिळाला नाही, तेव्हा लेखाच्या चर्चा पानावर तिने तसे नोंदवले आणि परिच्छेद काढणाऱ्याला तंबीऐवजी सारांश कुठे व कसा लिहावा, एवढेच दोन ओळींत कळवले.